रस्ता कोणाच्या बापाचा? – पदपथाच्या भांडणातून शिकण्यासारखं काही



"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?" हे वाक्य कधीच ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. व्याकरणाच्या तासाला आपण याला प्रश्नार्थी वाक्य म्हणतो. पण खरं बघता, विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. समोरच्याला गप्प करायचं, एवढाच त्याचा हेतू असतो. गंमत अशी की समोरचाही लगेच तोच प्रश्न उलटा टाकतो, "मग तुझ्या बापाचा आहे का?" दोघांचंही म्हणणं बरोबर असतं आणि भांडण मात्र जिथल्या तिथे राहतं.

आजच्या लेखात हा प्रश्न आपण खराखुरा प्रश्न समजून घेऊ आणि त्याचं उत्तर शोधू. कारण आपल्या गल्लीतली निम्मी भांडणं याच प्रश्नाभोवती फिरतात. फाटकासमोर कोणी गाडी लावली, पदपथावर कोणी कुंड्या मांडल्या, भाजीची गाडी कुठे उभी राहणार, गतिरोधक टाकायचा की नाही, शाळा सुटताना रस्ता का तुंबतो... तुमच्या भागातली अशी चार-पाच भांडणं तुम्हाला आत्ता आठवली असतीलच.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही भांडणं वाईट नाहीत, ती व्हायलाच हवीत. पण आपण ती चुकीच्या माणसाशी, चुकीच्या जागी आणि मोजमाप न करता भांडतो. म्हणून दरवर्षी तेच भांडण पुन्हा होतं आणि शाळेत चालत जाणारं पोर मात्र डांबरावरूनच चालत राहतं.

रस्ता म्हणजे नेमकं काय?

एखाद्या मुलाला रस्त्याचं चित्र काढायला सांगा. तो दोन समांतर रेघा ओढेल, मधोमध तुटक पांढरी रेघ काढेल आणि त्यावर एक मोटार काढेल. चालणारा माणूस त्या चित्रात बहुधा नसतोच. मोठ्यांच्या डोक्यातही रस्ता म्हणजे डांबर, आणि उरलेला काठ म्हणजे 'बाजूची जागा'. तिथे काहीही ठेवलं तरी चालतं, असं आपण मनाशी धरून चालतो.

हे चित्रच चुकीचं आहे. रस्ता एका बाजूच्या कुंपणापासून दुसऱ्या बाजूच्या कुंपणापर्यंत असतो. पदपथ हा त्या रस्त्याचाच भाग आहे, उरलीसुरली पट्टी नव्हे. जसा डांबराचा भाग गाड्यांसाठी, तसा पदपथ पायांसाठी. तुमच्या घरासमोरचा पदपथ तुमच्या अंगणाचा भाग नाही आणि दुकानासमोरचा पदपथ दुकानाची ओसरीही नाही.

आता मापं बघू. 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही आपल्या देशात रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची हवी. पदपथाची रस्त्यापासूनची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी.

१.८ मीटर हाच आकडा का? समोरासमोरून आलेल्या दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील, एवढी ती रुंदी आहे. म्हणजे हे माप धडधाकट तरुणाचा विचार करून ठरवलेलं नाही, सगळ्यांत अडचणीत असलेल्या माणसाचा विचार करून ठरवलेलं आहे. आणि 'मोकळी' हा शब्द विसरू नका. पदपथ तीन मीटर रुंद असला, पण त्यावर झाड, विजेची डीपी, जाहिरातीचा खांब आणि उघडं चेंबर असेल, तर उरते ती वाव-दोन वितीची वाट. मोजायची ती उरलेली वाट.

उंचीचंही तसंच. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पदपथ गुडघ्याएवढा उंच असतो. कारण विचारलं तर सांगतात, "गाड्या चढू नयेत म्हणून." गाड्या चढत नाहीत हे खरं, पण आजीही चढत नाहीत. गुडघे दुखणारी बाई, काठी टेकणारे आजोबा, बाळाची गाडी ढकलणारी आई हे सगळे मग मुकाट्याने डांबरावर उतरतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही उद्या चालताना पाहा. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी पदपथ तोडून खाली उतरवलेला असतो, मोटारीला आत जाताना धक्का बसू नये म्हणून. त्यामुळे शंभर मीटर चालताना माणसाला सात-आठ वेळा चढावं-उतरावं लागतं. खरं तर पदपथ सलग राहायला हवा आणि मोटारीने छोट्या उतारावरून त्यावर चढून जायला हवं. मोटारीला चढायला इंजिन आहे, आजींना नाही. एवढी साधी गोष्ट आपण उलटी करून ठेवली आहे.

जागा खातो कोण, तक्रार होते कोणाची?

पदपथावर अडथळा कोणाचा असतो याची यादी करून बघा. सोसायटीने रस्त्यावर काढलेला उतार, दुकानाच्या पुढे आलेल्या पायऱ्या, 'सुशोभीकरण' म्हणून ठेवलेल्या कुंड्या, रखवालदाराची खुर्ची, दुचाकींची रांग, मोटारींची दोन चाकं, फ्लेक्सचे बांबू, दोन महिन्यांपूर्वी खोदून तशीच ठेवलेली माती, विजेच्या पेट्या, आणि हो, भाजीची किंवा वडापावची गाडी.

आता तक्रार कोणाविरुद्ध होते ते आठवा. दहापैकी आठ वेळा भाजीवाल्याविरुद्ध! अतिक्रमणाची गाडी आली की तराजू आणि टोपल्या उचलल्या जातात. पदपथावर दोन चाकं चढवून उभी असलेली मोटार तिथेच असते, कारण ती 'कोणाची तरी' असते. पायऱ्या तर सिमेंटच्याच आहेत, त्या कोण उचलणार?

थोडं गणित करू. हातगाडी साधारण दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद धरली, तर तिने व्यापलेली जागा झाली दोन चौरस मीटर. एक मोटार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. एका मोटारीच्या जागेत सहा हातगाड्या मावतात. त्या सहा गाड्यांवर सहा घरं चालतात आणि शेकडो लोकांना कोपऱ्यावर भाजी मिळते. मोटार मात्र दिवसातले वीस-बावीस तास नुसती उभी असते. तरी आपल्या डोळ्यांना खुपते ती हातगाडी. का? कारण हातगाडीवाल्याला हटकणं सोपं असतं, मोटारवाल्याला हटकलं तर वरचं बापाचं वाक्य ऐकावं लागतं.

याचा अर्थ फेरीवाल्यांनी पदपथ अडवावा असा नाही, बरं का. इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेतलं पाहिजे.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या खटल्याचा निकाल दिला. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांना हटवण्याविरुद्ध तो खटला होता आणि सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो ऐकला. निकालाच्या दोन बाजू आहेत आणि बहुतेक लोक आपापल्या सोयीची एकच बाजू सांगतात. एक बाजू अशी, की उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दुसरी बाजू अशी, की पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे आणि तो खासगी कामासाठी अडवण्याचा हक्क कोणालाही नाही. हटवायचं असेल तर रीतसर, संधी देऊन आणि माणुसकीने. म्हणूनच त्या लोकांना निदान पावसाळा संपेपर्यंत हटवू नये असंही न्यायालयाने सांगितलं.

पुढे २०१४ मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक शहरात फेरीवाला समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. आधी सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं, फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र ठरवायचं. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला हुसकावून लावता येत नाही. दुसरीकडे, २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांच्यापासून १०० मीटर अंतरात फेरीवाल्यांना बसता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला होता, हे अनेकांना आठवत असेल. अरुंद जागेत गर्दी कोंडली की काय होतं, ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

म्हणजे कायद्याने दोघांचाही विचार केला आहे. अडतं ते अंमलबजावणीत. जागाच आखून दिली नाही तर भाजीवाला उभा राहणार कुठे? आणि आखून दिलेली जागा सोडून तो पदपथाच्या मधोमध बसला, तर चालणारा जाणार कुठे? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर पालिकेने द्यायचं असतं. पण आपण ते द्यायला लावत नाही. आपण एकमेकांशी भांडत बसतो आणि ज्याच्याकडे जागा आखण्याचा अधिकार आहे तो निवांत असतो.

गतिरोधक हवा की नको?

गल्लीतलं दुसरं मोठं भांडण वाहनांच्या वेगाचं. एखादी दुर्घटना होते, लोक चिडतात आणि गतिरोधक मागतात. मग ज्यांच्या घरासमोर तो होणार ते म्हणतात, "आमच्या दारात नको. रात्रभर ट्रक आदळतात." कोणाची पाठ दुखते, कोणी रुग्णवाहिकेचं कारण सांगतं. शेवटी कोणीतरी उरलेलं काँक्रीट आणून रातोरात एक उंचवटा करून टाकतो.

असा घरगुती उंचवटा सगळ्यांत धोक्याचा. त्यावर पट्टे नसतात, अलीकडे फलक नसतो, रात्री तो दिसत नाही आणि दुचाकीवर मागे बसलेली बाई खाली पडते. गतिरोधकाचंही मानक आहे. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी तो ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असा सावकाश चढणारा-उतरणारा हवा. आपल्याकडचे गतिरोधक बघा. हातभर रुंद आणि वीतभर उंच! तो गतिरोधक नव्हे, ती गाडीला घातलेली ठेच आहे. नीट बांधलेल्या गतिरोधकावरून ट्रक आदळत नाही आणि पाठही मोडत नाही. म्हणजे 'हवा की नको' हे भांडण बऱ्याचदा 'नीट बांधलेला की वेडावाकडा' या प्रश्नावर येऊन सुटू शकतं.

वेग कमी का व्हावा, हे नववीच्या विज्ञानात आपण शिकतोच. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरऐवजी गाडी ४० ने गेली, तर वेग वाढला फक्त १० ने, पण आदळण्याची ऊर्जा झाली जवळजवळ पावणेदोन पट. ५० ने गेली तर जवळजवळ पावणेतीन पट. "जरा वेगात होतो" यातल्या 'जरा'चा अर्थ हा असा असतो. परीक्षेत हे सूत्र लिहून गुण मिळवणारा मुलगा अठरा वर्षांचा व्हायच्या आधीच बाबांची स्कूटर घेऊन गल्लीतून सुसाट जातो, तेव्हा ते सूत्र वहीतच राहिलेलं असतं. पालकांनी हेही लक्षात ठेवावं, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते. ३६५ ने भागून बघा. रोज जवळजवळ नव्वद. एक वर्ग भरून उरेल एवढी माणसं, रोज, आणि त्यांच्या हातात कोणतंही वाहन नव्हतं.

"पण सर, आमची गल्लीच अरुंद आहे!"

आता तुमच्या मनातल्या शंका घेऊ, कारण त्या खोट्या नाहीत.

पहिली शंका, "गल्ली मुळातच अरुंद आहे, पदपथ करणार कुठे?" अगदी बरोबर. पुण्याच्या पेठा, जुन्या गावठाणातल्या आळ्या, कोकणातल्या शहरांतले बाजाररस्ते इथे दोन्ही बाजूंना १.८ मीटरचा पदपथ बसणारच नाही. अशा ठिकाणी उपाय वेगळा आहे. तिथे रस्ताच माणसांचा मानायचा आणि गाडीने पाहुण्यासारखं, चालण्याच्या वेगाने यायचं. हे नुसतं स्वप्न नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. लोक चिडले, आईबाप रस्त्यावर उतरले आणि 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ उभी राहिली. डेल्फ्ट शहरातल्या रहिवाशांनी आपल्या गल्ल्यांत गाड्यांचा वेग कमी करायला जे बदल केले, त्यांतून 'वोनएर्फ' म्हणजे राहती गल्ली ही कल्पना पुढे आली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याने मान्यता मिळाली. आज त्या देशात वर्षाला साधारण सातशेच्या आसपास माणसं रस्त्यांवर जातात. तिथले लोक जन्मतः शिस्तीचे होते म्हणून हे झालं असं नाही. तेही आधी भांडलेच. पण ते शेजाऱ्याशी न भांडता रस्त्याच्या रचनेशी भांडले.

दुसरी शंका, "गाड्या ठेवायच्या कुठे?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचं उत्तर 'पदपथावर' हे असू शकत नाही. २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमांनुसार पदपथावर आणि पादचारी पट्ट्यांवर वाहन उभं करायला मनाई आहे. फ्रिज घ्यायच्या आधी आपण स्वयंपाकघरात जागा मोजतो. मोटार घ्यायच्या आधी मात्र रस्ता आहेच असं गृहीत धरतो.

तिसरी शंका व्यापाऱ्यांची, "गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार नाही." पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर 'पादचारी दिन' साजरा व्हायला लागला. त्या दिवशी तिथे वाहनं बंद असतात आणि माणसं रस्त्याच्या मधोमध निवांत फिरतात. व्यापाऱ्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये, त्यांचं पोट त्यावर आहे. पण भीतीला उत्तर मोजणीने मिळतं. दुकानात आलेल्या शंभर माणसांपैकी किती जण चालत आले, किती बसने, किती दुचाकीने आणि किती मोटारीने, हे दोन दिवस मोजलं की दोन्ही बाजूंना अंदाजाऐवजी आकडा हातात मिळेल.

चौथी शंका, "पदपथ केला तरी त्यावरून दुचाक्याच पळतात." हेही खरं आहे. आणि यावर नुसते खांब रोवून भागत नाही. चाकांची खुर्ची जाईल एवढी फट ठेवली तर दुचाकीही जाते, दुचाकी जाणार नाही एवढी फट ठेवली तर खुर्चीही अडते. इथे रचना थोडीच कामाला येते. दंड हवा, वाहतूक पोलीस हवा आणि चालणाऱ्यांनी तोंड उघडायला हवं.

शाळेच्या फाटकाशी

आता आपल्या घरचं बोलू. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर सगळ्यांत जास्त धोका कोणामुळे असतो? आपल्याच पालकांमुळे. प्रत्येकाला आपलं मूल अगदी फाटकातून स्कूटरवर घ्यायचं असतं. रिक्षा, व्हॅन, दुचाक्या यांची कोंडी होते आणि त्या कोंडीतून वाट काढतात ती चालत घरी जाणारी मुलं, म्हणजे बहुधा ज्यांच्या घरी गाडी नाही ती.

पालकांना विचारा, "चालत का नाही पाठवत?" उत्तर येतं, "रस्त्यावर किती गाड्या आहेत बघताय ना?" पण त्या गाड्यांतली एक आपलीच असते, हे कोणी बोलत नाही. रस्ता धोक्याचा म्हणून मूल गाडीवर आणि मूल गाडीवर म्हणून रस्ता आणखी धोक्याचा. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं आणि ते तोडायला शाळेइतकी चांगली जागा नाही. फाटकापासून शंभर मीटरवर गाडी थांबवायची, तिथून मूल चालत येईल. लहान वर्ग दहा मिनिटं आधी सोडायचे. एकाच वस्तीतल्या मुलांनी गट करून चालत जायचं, रोज एका पालकाने सोबत जायचं. याला अनुदान लागत नाही. एक पालकसभा आणि थोडा चिकटपणा लागतो.

मग भांडायचं कसं?

भांडायचं, पण पुढील क्रमाने.

पहिलं, बोला. "ओ दादा, गाडी काढा" याच्याऐवजी "काका, आमच्या आजींना इथून जाता येत नाही, गाडी जरा पुढे घेता का?" असं म्हणून बघा. कारण सांगितलं की निम्मी माणसं ऐकतात. भाजीवाल्या मावशींनाही विचारा, की त्यांना पालिकेचं प्रमाणपत्र मिळालं आहे का, त्या थोडं आत सरकू शकतील का. बऱ्याचदा प्रश्न दोन फुटांचा असतो.

दुसरं, मोजा. 'पदपथ खूप अरुंद आहे' ही तक्रार कोणी वाचत नाही. 'अमुक चौकापासून अमुक फाटकापर्यंतच्या १२० मीटरमध्ये सात ठिकाणी मोकळी रुंदी एक मीटरपेक्षा कमी आहे' ही तक्रार बाजूला सारणं अवघड जातं.

तिसरं, योग्य दारात जा. पदपथ, चेंबर, पायऱ्या आणि अतिक्रमण यांसाठी पालिकेचं क्षेत्रीय कार्यालय. वाहनं आणि वेग यांसाठी वाहतूक शाखा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. पुण्यासारख्या शहरात २००६-०७ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, पदपथाची दुरुस्ती त्यात बसते.

चौथं, कायद्याचं नाव घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की मोकळा आणि वापरण्याजोगा पदपथ मिळणं हा कलम २१ खालचा हक्क आहे. अर्जात हे एक वाक्य असलं की तो विनंतीअर्ज राहत नाही, हक्काची मागणी होतो.

पाचवं, एकटं जाऊ नका. अर्जावर सोसायटीच्या अध्यक्षांची सही घ्या, रिक्षावाल्यांची घ्या आणि भाजीवाल्या मावशींचीही घ्या. ज्यांना आपण एकमेकांचे शत्रू समजतो ते सगळे दिवसातून केव्हातरी पायीच चालतात.

तर मित्रांनो, रस्ता कोणाच्या बापाचा? कोणाच्याच नाही. आणि जे कोणाच्याच बापाचं नसतं ते ज्याला सगळ्यांत जास्त गरज आहे त्याच्या सोयीने वापरायचं असतं. पदपथावर ती गरज सगळ्यांत हळू चालणाऱ्याची असते.

या आठवड्याचा उपक्रम

चार-पाच जणांचा गट करा. शिंप्याचा मोजपट्टा किंवा तीन मीटरचा टेप घ्या. सोबत एक मोठं माणूस असू द्या. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर दर वीस पावलांनी पदपथाची मोकळी रुंदी आणि उंची मोजून वहीत तक्ता करा. प्रत्येक अडथळ्यासमोर तो कोणाचा आहे ते लिहा: पालिकेचा, वीज मंडळाचा, दुकानाचा, सोसायटीचा, वाहनाचा की फेरीवाल्याचा. मग स्तंभालेख काढा आणि सगळ्यांत उंच स्तंभ कोणाचा येतो ते बघा. तुमचा अंदाज आधीच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

तो तक्ता जोडून क्षेत्रीय कार्यालयाला औपचारिक पत्र लिहा. दहावीच्या उपयोजित लेखनात मागणीपत्र आणि तक्रारपत्र असतंच. परीक्षेतलं पत्र 'अ. ब. क.' या नावाने लिहितात. हे पत्र स्वतःच्या नावाने लिहा आणि खरोखर पोस्टात टाका.